आधी आईला सांग, तारीख नंतर

ताई,

मी ३३ वर्षांची, बँकेत नोकरी करते. अंधेरीतल्या एका गावठाणात आमचं घर. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे मुंबईचेच, पिढ्यानपिढ्यांचे कॅथलिक. बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फेलोशिपमधली, म्हणजे कॅथलिक नसलेल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीतली, माणसं पंधरा दिवस दारात डबा ठेवून जात होती, फोनवर माझं नाव घेऊन प्रार्थना करत होती. आमच्या चर्चमधून साधा फोनसुद्धा आला नाही. पुढे मी त्यांच्या रविवारच्या सभेला जायला लागले. गोरेगावात एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. तिथे आयुष्यात पहिल्यांदा मी बायबल स्वतः उघडून वाचलं. आता मिस्सेला, आमच्या चर्चच्या उपासनेला, बसले की नुसते ओठ हलवतेय असं वाटतं. 'नमो मारिया' ही मारियेची प्रार्थना तर तोंडातून निघतच नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी मैत्रिणीच्या पॅरिशमध्ये, तिच्या भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये, मिस्सेला जाते. तीन वर्षं दर रविवारी मी खोटं बोलतेय. पास्टर म्हणतात, लहानपणचा बाप्तिस्मा खरा नव्हे, पाण्याचा बाप्तिस्मा घे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारची तारीखही दिलीय. त्यांनी घरातली मोत माऊलीची, म्हणजे मारियेची, मूर्तीही काढायला सांगितलंय. फेलोशिपमधल्याच एका मुलाशी लग्नाचं बोलणं चाललंय. भावाला कुणकुण लागलीय. तो म्हणतो, बिलिव्हर झालीस, त्या फेलोशिपवाल्यांतली झालीस, तर घरातला हिस्सा विसर आणि बाबांच्या कबरीत जागा मागू नकोस. त्याच्या मुलीची मी गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्ममाता, आहे. डिसेंबरात तिची पहिली कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद. आणि मेमध्ये खुरसाजवळच्या, म्हणजे गावठाणातल्या क्रूसाजवळच्या, लदीनची (सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेची) एक संध्याकाळ आमच्या घराकडे असते. यंदा आई म्हणतेय, माझे गुडघे दुखतात, लदीन तू चालव.

मी पाप करतेय का? आईला सांगू कसं? आणि कॅथलिक नसले तर मी ईस्ट इंडियन तरी उरते का?

– ना इकडची ना तिकडची

बाळ,

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझ्या सल्ल्यात माझं स्वतःचं किती मिसळलंय ते तुला ओळखता येईल.

मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली. आमची मंडळी, म्हणजे चर्च, छोटी आणि कडक. सिनेमा नाही, दागिना नाही, दुसऱ्या मंडळीत लग्न नाही. सत्ताविसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईत आले, दादरला खोली घेतली आणि हळूहळू दुसऱ्याच चर्चमध्ये जायला लागले. तिथले पाळक उपदेशात विनोद करायचे आणि बायका पुढे उभ्या राहून वचन वाचायच्या. मला तेवढं पुरलं. वर्षभर मी घरी काही बोलले नाही. मग एका रात्री बसून बाबांना सहा पानी पत्र लिहिलं. वचनांचे दाखले दिले, मुद्द्यांना क्रमांक घातले, जणू मी वकील आणि ते न्यायाधीश. उत्तर आलं नाही. नाताळात घरी गेले तर माझ्या नावाचं 'उपासना संगीत', हे आमचं गीतांचं पुस्तक, बाबांनी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं. घेऊन जा म्हणाले नाहीत, राहू दे म्हणाले नाहीत. चार दिवस ते पुस्तक तिथेच होतं आणि आम्ही ताटं त्याच्या कडेकडेने मांडत होतो.

तेव्हा वाढलो तो पंथ सोडू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? पण सांगावं कसं यात मी सपशेल नापास झालेली बाई आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

पापाचं आधी बोलू. तुझ्या आईच्या चर्चच्या नियमात, समजून-उमजून ती श्रद्धा सोडणं ही गंभीर बाब आहे, आणि मी ती गोड करून सांगणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांना बंधू म्हटलं, त्या पंथांत जन्मलेल्यांवर फुटीचा दोष ठेवायचा नाही असं सांगितलं. पण ते माझ्यासारखीला लागू पडतं, जी दुसऱ्या घरात जन्मली. तू त्या घरातून उठून चालली आहेस. तुझे फादर तुला हे सांगतील तेव्हा ते कठोर आहेत असं समजू नकोस, ते त्यांच्या पुस्तकाला धरून बोलत असतील. ते पुस्तक तुला मान्य आहे का, हा प्रश्न तुझा.

मला त्याहून जास्त टोचलं ते दर रविवारचं खोटं. तीन वर्षं म्हणजे दीडशेच्या वर रविवार. या बाबतीत तुझ्या आईचं चर्च आणि तुझा गोरेगावचा हॉल यांचं अगदी एकमत आहे. दोघांचीही आज्ञा तीच.

आता एक प्रश्न विचारते, रागावू नकोस. तू चर्च सोडतेयस ती शिकवण पटत नाही म्हणून, की बाबा गेले तेव्हा कोणी फोन केला नाही म्हणून? तुझ्या पत्रात फोन आधी येतो, बायबल नंतर. २०२१ चा एप्रिल आठव. प्रार्थनास्थळं बंद झाली ती ७ ऑक्टोबरला उघडली. कितीतरी पॅरिशमध्ये रोज कोणी ना कोणी जात होतं, आणि फादर लोकही आजारी पडत होते. म्हणून फोन न येणं माफ होतं असं मी म्हणत नाही. एका माणसाने दोन मिनिटं काढायला हवी होती. पण हजारो कुटुंबांची पॅरिश आणि साठ जणांचा हॉल यांची तुलना करताना हॉल नेहमीच जिंकणार. साठ जणांत तुझं नाव लक्षात राहतं. तुझा हॉल सहाशेंचा झाला की तिथेही कोणाचा तरी फोन राहून जाईल.

म्हणून असं करून बघ. समज, येत्या जूनमध्ये तुमचे पॅरिश प्रीस्ट बदलले. ते बदलतातच. नवीन आले ते दारोदार फिरणारे, नावं लक्षात ठेवणारे. तू परत जाशील? आणि उलट, समज तुमचे पास्टर उद्या दुसऱ्या शहरात गेले आणि त्यांच्या जागी एक कंटाळवाणा माणूस आला. तू हॉलमध्ये राहशील? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर तुला पंथ नको, सोबत हवी होती, आणि सोबत तुझ्या पॅरिशमधल्या करिस्मॅटिक प्रार्थना गटातही मिळते, बायबलही तिथे उघडतात. पहिल्याचं 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' आलं, तर तू श्रद्धेनेच निघाली आहेस. मग तुला अडवायचा अधिकार कोणाला नाही. भावाला नाही आणि मलाही नाही.

मला वाटतं तुझं उत्तर हे श्रद्धेचंच असेल. 'नमो मारिया' तोंडातून निघत नाही हे लिहिताना तुला त्रास झालाय, ते ओळीवरून कळतं. रागावलेल्या माणसाला त्रास होत नाही.

आता तो मे महिन्याचा शेवटचा रविवार. ही तारीख पुढे ढकल. हा या पत्रातला माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. कायमची नव्हे, सहा महिने.

बाप्तिस्मा ही साधी गोष्ट नाही. कॅथलिक चर्च मानतं की बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही. इतका पुसला जात नाही की नीट दिलेला प्रोटेस्टंट बाप्तिस्माही ते मानतात, आमच्यातलं कोणी तिकडे गेलं तर पुन्हा पाणी ओतत नाहीत. तुझ्या पास्टरांचं म्हणणं वेगळं. विश्वास आधी, पाणी मागून, म्हणून तान्ह्या बाळाला दिलेला तो बाप्तिस्माच नव्हे. हे मतही जुनं आहे, प्रामाणिक आहे, त्यासाठी युरोपात माणसांनी जीव दिलेत. पण तेवढंच एक प्रोटेस्टंट मत आहे असं तुला कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि मेथॉडिस्ट होते, आणि न देणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. म्हणजे तुझ्यापुढे वाटा दोनच नाहीत. मारियेची प्रार्थना नको, बायबल हवं, पण आईच्या मांडीवर झालेला बाप्तिस्मा खोटा म्हणायला जीभ रेटत नाही, अशी तुझी अवस्था असेल तर ती मान्य असलेली चर्चंही याच शहरात आहेत आणि त्यांतल्या काहींची उपासना मराठीत होते. मी माझ्या चर्चची जाहिरात करतेय असं वाटलं तर वाटू दे.

आईच्या बाजूने विचार कर. तू मिस्सेला जायचं थांबलीस तर तिला वाईट वाटेल. तू पुन्हा बाप्तिस्मा घेतलास तर तिला असं ऐकू येईल की तुला कडेवर घेऊन चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिली ती संध्याकाळ फुकट गेली. बाबाही तेव्हा शेजारी उभे होते. हे पाऊल तू टाकशीलही कदाचित, पण ते कॅलेंडरवर दुसऱ्याने गोल केलेल्या तारखेला टाकू नकोस.

इथे मला आपल्याच दोन माणसांची आठवण होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग तिथल्या सिस्टरांशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. ख्रिस्त त्यांना हवा होता, पण त्यांचं म्हणणं असं की इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घेणार नाही. दुसरे कवी ना. वा. टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आल्या, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना ओढत नेलं नाही. आणि याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेलेही चालत आणि न घेतलेलेही. मिशन सोडलं, ख्रिस्त नाही सोडला. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत हे नवीन नाही, एवढंच मला सांगायचंय. तुझी आई म्हणेल, ते बामण होते, आपलं काय त्यांच्याशी. म्हणू दे.

रमाबाईंचं ते जू मात्र विसरू नकोस. जुन्या फादरांच्या हातून सुटून नव्या पास्टरांच्या हातात जाणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. पास्टरांना तीन गोष्टी विचार. एक, फेलोशिपचा ट्रस्ट चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेला आहे का, आणि तुझ्या पगाराचा दशांश जात असेल तर त्याची पावती मिळते का. दोन, हिशोब कोण बघतं. पॅरिशमध्ये निदान फायनान्स कमिटी असते. फादरांना ती आवडो न आवडो, चर्चच्या नियमाने ठेवावी लागते. तीन, आपल्यातलं कोणी गेलं तर आपण नेतो कुठे? हा प्रश्न अभद्र वाटेल, पण विचार. मुंबईत कितीतरी नव्या फेलोशिपना स्वतःची दफनभूमी नाही, आणि ते कळतं तेव्हा घरात प्रेत असतं. पास्टर शांतपणे उत्तरं देत असतील तर माणूस बरा आहे. 'शंका सैतानाकडून येतात' असं म्हणाले तर चप्पल घालून बाहेर पड.

मूर्तीबद्दल एवढंच. ती आईची आहे. आईच्या घरातली आईची वस्तू काढायला सांगायचा हक्क जगातल्या कुठल्याच पास्टराला नाही. तू तिच्यापुढे मेणबत्ती लावू नकोस. पण धूळ पुसायला काय हरकत आहे?

भावाच्या धमक्यांचं उत्तर सोपं आहे, कारण ते कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि त्यात कॅथलिक, प्रोटेस्टंट, बिलिव्हर असा भेद नाही. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या मालमत्तेचा एक तृतीयांश आईचा, उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर तिघांचा एकेक तिसरा हिस्सा. पंथच काय, उद्या धर्म सोडलास तरी हिस्सा जात नाही. गावठाणातलं घर अजून आजोबांच्या नावावर असेल, पुष्कळदा असतंच, तर हिशोब वेगळा होईल. तेव्हा कागद वकिलाला दाखव. आणि भावाला हे सगळं एकदाच सांग, शांतपणे, चहा पिताना. त्याला हिस्सा हवाय असं मला वाटत नाही. त्याला भीती वाटतेय आणि ती कशी बोलायची ते त्याला येत नाही.

कबरीचं तेवढं सरळ नाही. पॅरिशची दफनभूमी पॅरिशच्या लोकांसाठी असते आणि तू पॅरिशमधून गेलीस तर तिथे तुझा हक्क सांगता येणार नाही. फादर परवानगी देतीलही, पण ती परवानगी असेल. शिवडीच्या दफनभूमीत मात्र कॅथलिकही आहेत आणि प्रोटेस्टंटही. तशीही मुंबईत जागेची टंचाई एवढी की बहुतेक कबरी काही वर्षांनी उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात. बाबांच्या शेजारी कायमचं कोणीच झोपणार नाहीये, भाऊसुद्धा नाही. हे त्याला सांगू नकोस.

लग्नाचं नीट ऐक, कारण इथे माणसं फसतात. सरकारच्या दृष्टीने १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायला पास्टरांकडे परवाना लागतो. तो आहे का ते बघ, नुसतं 'रेव्हरंड' लिहिलेलं कार्ड पुरत नाही. नसेल तर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कर, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि चर्चच्या दृष्टीने, तू हॉलमध्ये गेलीस तरी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातलं तुझं नाव खोडलं जात नाही. पूर्वी रीतसर चर्च सोडलेल्यांना लग्नाच्या नियमातून थोडी सूट होती, ती २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी काढून टाकली. म्हणजे बिशपांच्या परवानगीशिवाय हॉलमध्ये लावलेलं लग्न आईच्या चर्चला लग्न वाटणार नाही. तुला त्याने काही फरक पडत नसेल, पण आईला गावठाणात चार बायका विचारतील. परवानगी मागता येते. पण त्यात मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा शक्य तो प्रयत्न करीन असं वचन द्यावं लागतं. मनात नसेल तर तसं वचन देऊ नकोस. एक खोटं निस्तरतोय, त्यात दुसरं नको.

भाचीचं त्या मानाने सोपं आहे. गॉडमदर एकदा झालीस ती झालीस, पहिल्या कम्युनियनला गॉडमदरने काही विधी करायचा नसतो. पांढरा फ्रॉक घेऊन दे, पुढच्या बाकावर बस, आणि स्वतः कम्युनियन घ्यायला उठू नकोस. तिथे ओठ हलवणं आईलाही नको असेल. तिच्या कन्फर्मेशनला, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या पुढच्या संस्काराला, मात्र सोबतीला कॅथलिकच लागेल. ते वहिनीला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पडायला नको.

आणि मग तुझा शेवटचा प्रश्न. तो तू अगदी शेवटी, एका ओळीत टाकलायस. मला वाटतं बाकीचं सगळं पत्र त्या ओळीसाठी लिहिलंस.

ईस्ट इंडियन हे नाव कुठल्या फादरने दिलेलं नाही. गोव्याहून, मंगळुरूहून कॅथलिक लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत आले, तेव्हा आपण इथलेच, मूळचे, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे हे दाखवायला तुमच्या पणजोबांच्या पिढीने १८८७ साली ते नाव स्वतः घेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव होता, तो मुहूर्त साधला. त्याआधी तुम्ही कोळी होतात, कुणबी होतात, भंडारी होतात. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तुमचे पूर्वज त्यांच्याच काळात कॅथलिक झाले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आणि तुम्ही राहिलात. ज्यांनी धर्म दिला ते निघून गेले, तरी तुम्ही आपली बोली बोलत, लुगडं नेसत, शेत कसत इथेच राहिलात. मग आणखी एक गोष्ट झाली, ती गावठाणात फारशी कोणी सांगत नाही. १७९४ पासून १९२८ पर्यंत मुंबईच्या कॅथलिकांवर दोन वेगळे अधिकार होते. काही चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांची, काही थेट रोमने नेमलेल्यांची. कोण खरं यावरून सव्वाशे वर्षांहून जास्त काळ भांडणं झाली. त्या भांडणांतूनही ईस्ट इंडियन ईस्ट इंडियनच राहिले.

पण तुला खोटा धीर देत नाही. तुमचं वर्ष चर्चच्या कॅलेंडरने चालतं. मेमध्ये खुरसाची लदीन, सप्टेंबरात वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा, ऑक्टोबरात आगेरा, नवं भात घेऊन मिरवणूक. यातून चर्च वजा केलं तर काय उरतं, हा प्रश्न खरा आहे. तू आगेऱ्याला गेलीस तरी कडेला उभी असशील. तो एकटेपणा येईल. हॉलमधली माणसं कितीही प्रेमाची असली तरी त्यांना खुडी आणि इंद्याल या तुमच्या कालवणांतला फरक कळणार नाही.

म्हणून सांगते, जे सोडायचंय तेवढंच सोड. तुमचा बॉटल मसाला काही चर्चचा संस्कार नाही. उन्हाळ्यात आईबरोबर मिरच्या वाळत घाल, कुटायला ने. भाषा सोडू नकोस. हॉलमध्ये सगळं इंग्रजी-हिंदीत चालत असेल तर घरी प्रार्थना तुमच्या बोलीत कर. लग्नात उंबराचं पाणी आण, बँडबाजासकट. पास्टर म्हणतील ही अन्यधर्मी रीत. तेव्हा त्यांना विचार, की नवरीच्या डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी आणि केक कापणं बायबलच्या कुठल्या अध्यायात आहे?

आता आई.

पत्र लिहू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच. आणि भावाकडून, शेजारणीकडून, फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या बाप्तिस्म्याच्या फोटोतून तिला कळू देऊ नकोस. वचनांचे दाखले घेऊन जाऊ नकोस, माझं काय झालं ते वर सांगितलंय. रविवार टाळ. कामाच्या दिवशी संध्याकाळी, ती मासळी साफ करायला बसेल तेव्हा शेजारी बस. हातात काम असलं की आपल्या बायका बरं ऐकतात. आधी खोटं कबूल कर, पंथाचं नंतर. 'आई, तीन वर्षं मी रविवारी तुला सांगून जाते तिथे जात नाही.' मग कुठे जातेस ते सांग, आणि बाबा गेले तेव्हापासूनचं सांग. डब्यांचं सांग. ते डबे तिनेही खाल्लेत ना?

'तू चुकीचं शिकवलंस' असं काही बोलू नकोस. 'देवाला हाक मारायला तूच शिकवलंस' हे म्हण, कारण ते खरंय. ती रडेल. कदाचित म्हणेल, माझ्या मेल्यावर रोझरी, मारियेची जपमाळ, कोण म्हणणार? तिला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच आहे. तिच्या श्रद्धेत मेलेल्यांसाठी प्रार्थना लागते आणि तुझ्या नव्या श्रद्धेत त्या प्रार्थनेला जागा नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. भाऊ म्हणेल, भाची म्हणेल, आणि तू खोलीतून उठून जाणार नाहीस, एवढं तू तिला कबूल करू शकतेस.

ती आठवडाभर बोलली नाही तर तूही गप्प राहा, पण घर सोडू नकोस. भांडी घास, औषधं आण. माझे बाबा अडीच वर्षांनी माझ्या चर्चमध्ये आले, मागच्या बाकावर बसले, आणि बाहेर पडताना म्हणाले, तुमचे पाळक फार बोलतात. ते 'उपासना संगीत' माझ्याकडे आहे. पिशवीत घालून तेच घेऊन आले होते.

लदीनचं राहिलं. चालवू नकोस. पुढे उभं राहून जे मनात नाही ते पन्नास माणसांकडून म्हणवून घेणं योग्य नव्हे, त्या खुरसाच्या दृष्टीनेही नव्हे. मुंबईतल्या गावठाणांतले असे कितीतरी खुरूस १८९६ च्या प्लेगमध्ये उभे राहिले. घरात माणसं मरत होती तेव्हा कोणाच्या तरी आजीने नवस बोलला होता. तिथे नाटक नको. ती संध्याकाळ येण्याआधी आईशी बोलून घे, आणि लदीन भावाला चालवू दे. त्याला एवढी कळकळ आहे तर गुडघे टेकू दे. तू खुर्च्या मांड, खुरसाला फुलांचा हार घाल, मेणबत्त्या वाऱ्याने विझल्या तर पुन्हा लाव, आणि मग मागे उभी राहा. क्रूस तुझाही आहे, तुझ्या पास्टरांचाही.

आणि शेवटी वाटायचे चणे तू कर. एवढ्या माणसांना किती लागतील ते आईला विचार, आदल्या रात्री भिजत घालायला हवेत.

– तुझी ताई